मुका मार

एक्स-रे स्वच्छ होता.
शुक्रवारी, दोन बाजूंनी काढलेला,
खाली कुणीतरी घाईत लिहिलेलं: फ्रॅक्चर दिसत नाही.
'दिसत नाही' आणि 'नाही' यांच्यामधल्या बोळातून
विनिफ्रेड ऑकरॉइड चार दिवस चालत होती,
स्वयंपाकघर ते संडास,
खुर्च्यांच्या पाठी धरत धरत.
कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेताना पडली होती, एवढंच.
शेजारच्या डेस्मंडने डबाही उचलला, तिलाही.

मंगळवारी रात्री तिला माझ्याकडे आणलं,
हडर्सफील्डच्या तळमजल्यावर, जिथे आमचं चुंबक राहतं.
पाय जरा उचला म्हटलं
तर आवाज नाही, नुसते ओठ पांढरे.
आमच्याकडे याला मुका मार म्हणतात,
वर ना जखम ना रक्त,
विचारलं तर काही सांगत नाही.

यादी वाचली: पेसमेकर? क्लिप? डोळ्यात लोखंडाचा कण?
"बोटात सुई मोडली होती," ती म्हणाली, "अठ्ठावन्न साली.
फोरमनने पक्कडीनं काढली. त्यानंच ठेवून घेतली."
पंधराव्या वर्षापासून गिरणीत,
लोकरीचं कापड हातावरून ओढत
चुकलेला धागा शोधायचा आणि सुईनं भरायचा.
गाठ बोटाला आधी कळते, म्हणाली,
डोळा मागाहून येतो.

कानातली यंत्रं काढून डबीत ठेवली.
आता सूचना कशा द्यायच्या, मी थबकले,
तर तिनं माझ्या ओठांकडे बोट केलं.
तीनशे मागांच्या कल्लोळात
कोण कुणाचं ऐकणार? त्या सगळ्या ओठच वाचायच्या.
मग मी आवाज न काढता म्हटलं: हलू नका.
आणि तिनंही तसंच: हलणार नाही.

खट खट खट, मग भोंगा, मग पुन्हा खट.
इचलकरंजीत आमच्या भिंतीपलीकडे चार यंत्रमाग होते.
झोप त्या आवाजानं यायची,
वीज गेली की जाग.
सोळा मिनिटं. इतकी स्थिर चित्रं
तरुण माणसांचीही येत नाहीत.

पहिल्या चित्रात हाडातली मज्जा
थिजल्या तुपासारखी पांढरी,
आणि मांडीच्या हाडाच्या मानेवर, अलगद,
एक काळी रेघ.
दुसऱ्यात चरबी विझवलेली, सगळा अंधार,
फक्त त्या रेघेभोवती पाणी पेटलेलं.
शुक्रवारी एक्स-रेनं हाडाला विचारलं होतं.
हाड जुनं, मिलच्या वळणाचं, तक्रार न करणारं.
पाण्याला तेवढा दम नसतो.

टेबल बाहेर ओढून ठेवलं,
काचेमागे येऊन फोन लावला.
रजिस्ट्रार झोपेतून उठला असावा;
दोनदा सांगावं लागलं, शब्द तोडून तोडून:
हो, तुटलंय. सरकलेलं नाही. पण तुटलंय.

परत गेले तेव्हा ती छताकडे बघत होती.
यंत्रं कानात बसवली, शिट्टी वाजली, थांबली.
"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," मी म्हटलं,
नियमच आहे तसा.
"तू सांगितलंस की मघाशी," ती म्हणाली,
"काचेतून. दोनदा."

मी काय बोलणार.
मग तिनं जे विचारलं ते कुठल्याही फॉर्मवर नाही:
"उभा धागा गेलाय की आडवा?"

"तिरका," मी म्हटलं.
नियम तिथंच, त्या एका शब्दापुरता, मोडला.

तिनं मान हलवली, कामाचा अंदाज घेतल्यासारखी.
चार दिवस सगळे तिला काही नाही म्हणत होते;
चेहरा जरा सैल झाला,
वेदना तेवढीच असूनही.

पोर्टर यायला वेळ होता.
तिनं माझ्या गणवेशाची बाही चिमटीत धरली,
अंगठ्यानं एकदा पुढे, एकदा मागे.
"पॉलिस्टर," म्हणाली,
आणि सोडून दिली.